जाळीच्या आतल्या बाजूला

ताई,

माझं वय ४३. मुलगी बारा वर्षांखालच्या सॉफ्टबॉल संघात खेळते, धाकटा मुलगा नुकताच बेसबॉलला जायला लागलाय. गेली तीन वर्षं दर शनिवार-रविवार मी जाळीबाहेर खुर्ची टाकून बसते. स्वतः कधी बॅट हातात धरलेली नाही. गेल्या महिन्यात एका मॅचला बेसवरचे पंच आलेच नाहीत. दोन्ही कोचनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "तुम्ही उभ्या राहाल का?" मी राहिले. चौथ्या डावात पहिल्या बेसवर मी एक आउट दिला. धावणारी मुलगी पोहोचायच्या आत बॉल ग्लव्हमध्ये आलेला मी डोळ्यांनी पाहिला, हात वर केला, आणि त्याच क्षणी बॉल ग्लव्हमधून उसळून खाली पडला. सगळे ओरडायला लागले. मला वाटलं, पंचाने दिलेला निर्णय बदलायचा नसतो, म्हणून मी हात खाली घेतला नाही. ती मुलगी रडत बाहेर गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि तरीही मला पुन्हा उभं राहायचंय, पण रीतसर, परीक्षा देऊन, लायसन्स घेऊन. नवरा म्हणतो, फुकटच्या शिव्या कशाला खायच्या? मुलगी म्हणते, "आई, प्लीज, माझ्या मॅचला नको." कधीच न खेळलेल्या बाईला हे जमेल का? परीक्षा अवघड असते का? आणि आधी सॉफ्टबॉल करू की बेसबॉल?

जाळीबाहेरची आई

*

जाळीबाहेरच्या आईस,

आधी त्या आउटबद्दल बोलू. तो मनातून उतरल्याशिवाय तुमचं परीक्षेकडे लक्ष लागायचं नाही.

ती मुलगी सेफ होती. तुमच्या वर्णनावरून तरी तसंच दिसतं. बेसवालीचा पाय बेसवर आणि बॉल ग्लव्हमध्ये, एवढ्याने आउट होत नाही. बॉल तिच्या ताब्यात यावा लागतो, घट्ट. ग्लव्हला लागून उसळला आणि खाली पडला, तर तो ताबा नव्हे. ताबा घेऊन झाल्यावर पुढे फेकण्यासाठी बॉल बाहेर काढताना हातातून निसटला, तर मात्र आउट कायम राहतो. हा फरक दिसायला अर्धा सेकंद लागतो आणि तो अर्धा सेकंद तुम्ही स्वतःला दिला नाहीत. डोळ्यांनी बरोबर पाहिलं, हाताने घाई केली.

खरी गडबड मात्र त्यानंतर झाली. पंचाने निर्णय बदलायचा नाही, हे तुम्ही ऐकलंत कुठे? बेसबॉलच्या नियमपुस्तकात पंचांसाठी काही सर्वसाधारण सूचना दिलेल्या आहेत. त्यांचा आशय असा की निर्णय बरोबर देणं ही पहिली गरज. शंका असेल तर सहकाऱ्याला विचारा. पंचाची प्रतिष्ठा महत्त्वाची खरी, पण बरोबर असण्याइतकी नाही. नियम आहे तो वेगळा आहे. आउट की सेफ, स्ट्राइक (पट्ट्यातून गेलेली किंवा बॅटरने हुकवलेली फेक) की बॉल (पट्ट्याबाहेरून गेलेली), फेअर (मारलेला बॉल मैदानाच्या रेषांच्या आत) की फाउल (बाहेर), हे पंचाच्या नजरेचे निर्णय आहेत आणि त्यांवर खेळाडूंनी किंवा कोचने वाद घालायचा नसतो. वाद घालता येत नाही याचा अर्थ तुम्हाला सुधारता येत नाही असा नाही. बॉल जमिनीवर दिसला त्याच क्षणी दोन्ही हात आडवे फाकून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात "सेफ! सेफ! बॉल पडला!" म्हटलं असतंत, तर दोन मिनिटांत सगळे विसरले असते. लोकांना पंचाची चूक खटकते, पण चूक समोर पडलेली दिसत असताना वर ठेवलेला हात त्याहून जास्त खटकतो.

एक निर्णय मात्र असा आहे की तो एकदा ओठातून सुटला की बहुतेक वेळा परत घेता येत नाही. तो म्हणजे "फाउल". फाउल ऐकलं की सगळे थांबतात, धावणाऱ्या मुली परत फिरतात, फील्डर बॉल सोडून देतात. मग तुम्ही "नाही नाही, फेअर होता" म्हणालात तरी कोण कुठे पोहोचलं असतं हे कसं ठरवणार? म्हणून फाउल मोठ्याने द्यायचा आणि फेअर तोंडाने कधीच द्यायचा नाही, नुसतं बोट मैदानाच्या आत दाखवायचं. पहिल्या हंगामात तिसऱ्या बेसच्या रेषेवर पडलेला एक बॉल मी घाईने फाउल दिला होता. खडूची धूळ उडालेली सगळ्यांनी पाहिली, मीसुद्धा पाहिली, पण ओरडून झाल्यावर. रेषा फेअरमध्ये धरतात. त्या दिवशी मीही घरी जाऊन नीट जेवले नाही, तेव्हा त्या रात्रीचं तुमचं मला कळतं.

आता पहिल्या बेसवर काय करायचं ते सांगते, कारण तुमचं पहिलं काम तिथलंच असणार. तुम्ही बेसच्या अगदी जवळ उभ्या होतात, असा माझा अंदाज आहे. न शिकलेला प्रत्येक माणूस जवळ जातो. जवळून जास्त दिसतं असं वाटतं. उलट आहे. फार जवळ गेलं की पाय, बेस, ग्लव्ह आणि धावणारी हे सगळं एका नजरेत मावत नाही आणि डोळे इकडून तिकडे धावत राहतात. बॉल पहिल्या बेसकडे फेकला जातोय आणि नुसता पाय आधी की बॉल आधी एवढंच ठरवायचंय, तेव्हा साधारण पंधरा ते अठरा फुटांवर उभं राहा, फेकीच्या रेषेशी जवळपास काटकोन साधून. बॉल हातातून सुटला आणि फेक सरळ आहे हे कळलं की नजर बेसवर न्या. बॉल बघायचा नाही, ऐकायचा. डोळे पायावर, कान ग्लव्हवर. पाय बेसवर पडलेला दिसतो, बॉल ग्लव्हमध्ये बसल्याचा आवाज येतो, दोन्हींतलं आधी काय ते कळतं. मग नजर उचलून ग्लव्हवर न्यायची: बॉल आहे? हातात आहे? एक श्वास. आणि मग हात. हा श्वास तुम्हाला फार मोठा वाटेल, जाळीबाहेर कुणाला कळणारही नाही. अंतरापेक्षा कोन महत्त्वाचा, आणि कोनापेक्षाही हा श्वास, असं मी नवीन मुलांना सांगत आले आहे. धावणारीला बॉल लावून बाद करायची वेळ आली, म्हणजे टॅग, तर मात्र जवळ जावं लागतं, कारण तिथे हात आणि अंग यांच्यामधली फट बघायची असते.

कधी न खेळलेल्या बाईला जमेल का? जमेल, आणि काही बाबतींत जास्त बरं जमेल. खेळलेल्या माणसाच्या डोक्यात नियम असतात, पण त्यातले निम्मे मैदानावर ऐकलेले असतात. तुम्ही तीन वर्षं जाळीबाहेर बसला आहात, म्हणजे ते सगळे ऐकीव नियम तुमच्याही कानांवरून गेले असणार. हात बॅटचाच भाग असतो म्हणे. नसतो, हात हा मुलाचा हात आहे, आणि बॉल हाताला लागला म्हणजे बॅटला लागला असं होत नाही. दोघं एकाच वेळी पोहोचले तर फायदा धावणाऱ्याला, हेही तुम्ही ऐकलं असेल. असं वाक्य नियमपुस्तकात नाही. तिथे फक्त विचारलंय, बॉल आधी पोहोचला का? त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच द्यायचं. पहिला बेस ओलांडून डावीकडे वळली की तिला टॅग करता येतं, ही तिसरी गोष्ट. नुसतं वळल्याने काही होत नाही. दुसऱ्या बेसकडे जायचा प्रयत्न केला तरच ती धोक्यात येते. आणि बॉल फेअर की फाउल ते फील्डर कुठे उभा होता यावर ठरतं म्हणे. नाही, बॉल कुठे होता यावर ठरतं.

क्लिनिकमध्ये, म्हणजे पंचांच्या प्रशिक्षण शिबिरात, अनुभवी खेळाडूंना हे विसरायला लावण्यात पहिला तास जातो. तुमचा तो तास वाचेल.

परीक्षेचं विचाराल तर ती अवघड नसते, चिकट असते. नोंदणी कुठल्या संघटनेकडे करता त्यानुसार पद्धत बदलते, पण साधारण वाट सगळीकडे एकच. संघटनेकडे नाव नोंदवायचं, त्या वर्षाचं नियमपुस्तक मिळवायचं, वर्गातलं किंवा ऑनलाइन प्रशिक्षण घ्यायचं, लेखी परीक्षा द्यायची आणि मैदानावर प्रात्यक्षिक. लेखी परीक्षा पुष्कळ ठिकाणी पुस्तक उघडं ठेवून देता येते. त्याला हसू नका. पुस्तकात उत्तर कुठे आहे हे शोधायची सवय लागावी म्हणूनच ती तशी ठेवलेली असते. लायसन्स बहुधा दर वर्षी नवं करावं लागतं, आणि बऱ्याच पद्धतींत पायऱ्या असतात: सुरुवातीला लहान गट आणि बेसवरचं काम, मग प्लेटमागे, म्हणजे बॅटर जिथे उभी असते त्या होम प्लेटच्या मागे, मग मोठी मुलं.

अभ्यास कुठून सुरू करायचा? पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नका, झोप येईल. व्याख्यांपासून सुरू करा. बेसबॉल आणि सॉफ्टबॉलचं अर्धं नियमशास्त्र व्याख्यांत लपलेलं आहे. फाउल टिप म्हणजे काय, हे परीक्षेत हमखास विचारतात आणि हमखास चुकतं. बॅटची कड घेऊन बॉल थेट बॅटरच्या मागे बसलेल्या कॅचरकडे गेला आणि कॅचरने पकडला, तर तो साधा फाउल नसून स्ट्राइक आहे, आणि खेळ चालू आहे. बेसवरच्या मुली पळू शकतात. मग इनफील्ड फ्लाय घ्या. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावणाऱ्या आहेत, किंवा तिन्ही बेस भरलेले आहेत, दोनपेक्षा कमी आउट झालेत, आणि बॉल असा उंच उडाला की आतल्या फील्डरला तो सहज झेलता यावा. अशा वेळी पंच "इनफील्ड फ्लाय" पुकारतो आणि बॅटर लगेच बाद. झेल सुटला तरी बाद. असं का, हे समजून घ्या म्हणजे घोकावं लागणार नाही: नाहीतर फील्डर मुद्दाम झेल सोडेल, आणि बेसला चिकटून थांबलेल्या दोन मुलींना फुकट बाद करेल. बंट, म्हणजे बॅट न फिरवता हळूच टेकवून मारलेला बॉल, आणि सरळ रेषेत जाणारा ड्राइव्ह यांना हा नियम लागत नाही, कारण तिथे ही लबाडी साधत नाही.

हळूहळू तुमच्या लक्षात येईल की नियम लबाडीच्या पाठोपाठ आलेले आहेत. कुणीतरी कधीतरी काहीतरी चलाखी केली, आणि पुढच्या वर्षी पुस्तकात एक ओळ वाढली. तिसरी स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटली तर बॅटर पळू शकते, पण पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आउट झाले असतील तरच, यामागेही तीच लबाडी. सगळ्यात लहान गटांत अनेक ठिकाणी हा नियम लावतच नाहीत. म्हणून मॅचच्या आधी त्या गटाचे स्थानिक नियम विचारून घ्या, प्रत्येक वेळी, लाज न बाळगता.

लायसन्सचा आणखी एक भाग आहे. माझ्या मते तोच मुख्य आहे, आणि नवीन लोक त्याकडे कागदपत्रांची कटकट म्हणून बघतात. तुम्ही मुलांच्या मैदानावर उतरणार आहात, म्हणून तुमची पार्श्वभूमी तपासली जाते. मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं: कुठल्याही मुलाबरोबर एकटं राहायचं नाही, मेसेजवर खासगी बोलणं नाही, काही संशयास्पद दिसलं तर कुणाला कळवायचं. डोक्याला मार बसल्याची लक्षणं ओळखायला शिकवतात. मूल गोंधळलंय, अडखळतंय, नजर स्थिर नाही, तर ते बाहेर जातं आणि त्या दिवशी परत येत नाही, मग कोच कितीही म्हणो. ढगांचा गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबायचं. दोन्ही संघांच्या याद्या प्लेटजवळ तुमच्या हातात आल्या की खेळ थांबवायचा की नाही हे तुम्ही ठरवता. बेसबॉलमध्ये पिचरने किती बॉल टाकले तेही मोजतात. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल-सॉफ्टबॉल संघटनेत नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५ आणि अकरा-बारा वर्षांच्याला ८५ पिचेसची मर्यादा आहे. मोजायचं काम तुमचं नसलं तरी मर्यादा माहीत हवी, कारण फायनलच्या दिवशी ती विसरायला सगळेच तयार असतात.

सॉफ्टबॉल आधी की बेसबॉल? सॉफ्टबॉल, कारण तुमचे डोळे तीन वर्षं त्याच आकाराच्या मैदानाला सरावले आहेत. दोन्ही खेळ भावंडांसारखे आहेत, म्हणूनच गोंधळ उडतो. सॉफ्टबॉलच्या मैदानात बेसमधलं अंतर ६० फूट, आणि बारा वर्षांखालच्या गटात पिचर साधारण ४० फुटांवर. लहान मुलांच्या बेसबॉलमध्येही बेस ६० फुटांवर असतात आणि पिचर ४६ फुटांवर, पण मोठ्यांच्या मैदानात हेच अंतर ९० फूट आणि ६० फूट ६ इंच होतं. त्यामुळे उभं राहायची जागाच बदलते: ६० फुटांच्या मैदानावर बेसवरचा पंच फील्डरांच्या मागे, बाहेरच्या बाजूला थांबतो, तर ९० फुटांच्या मैदानावर बेसवर कुणी असेल तर तो आत, चौकोनाच्या पोटात येतो. बेस सोडण्याचे नियमही वेगळे. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातातून बॉल सुटेपर्यंत धावणारीने बेसला चिकटून राहायचं. लिटल लीगच्या लहान बेसबॉल गटांत बॉल बॅटरपर्यंत पोहोचेपर्यंत. मोठ्या बेसबॉलमध्ये हवं तेव्हा पुढे सरकता येतं, आणि मग पिचरच्या फसव्या हालचालींचा, म्हणजे बॉकचा अभ्यास सुरू होतो. ते प्रकरण पुढच्या वर्षासाठी ठेवा. सॉफ्टबॉलमध्ये त्याच्या जागी लुकबॅक रूल आहे: पिचर बॉल घेऊन आठ फूट त्रिज्येच्या वर्तुळात उभी आहे, बॅटरची पहिल्या बेसवरची धाव संपली आहे, तर बाकीच्या धावणाऱ्यांनी लगेच पुढे किंवा मागे जायचं, मध्ये रेंगाळायचं नाही. एक हंगाम फक्त सॉफ्टबॉल करा. दोन्ही एकदम केलंत तर शनिवारी लावलेला नियम रविवारी चुकीचा ठरेल.

प्लेटमागे उभं राहायची घाई नको, पण त्याविषयी थोडं सांगून ठेवते, कारण बेसवर आठ-दहा मॅच झाल्या की तुम्हीच विचाराल. मास्क, छातीचं कवच, पायांचे गार्ड आणि पुढे पोलादी टोपी असलेले बूट, यांत काटकसर नाही. कॅचर आणि बॅटर यांच्यामधल्या फटीत डोकं न्यायचं, हनुवटी कॅचरच्या डोक्याच्या वरच्या कडेइतक्या उंचीवर, आणि मग डोकं हलवायचंच नाही. बॉलबरोबर फक्त डोळे फिरवायचे. तासाला ७० किलोमीटर वेगाने ४० फुटांवरून आलेला बॉल सुमारे ०.६ सेकंदात तुमच्यापर्यंत येतो. तेवढ्यात डोकं हलवलंत तर प्लेटची कडही हलली असं वाटेल. प्लेट १७ इंच रुंद आहे, आणि बॉलचा नुसता स्पर्श तिच्या कडेवरच्या हवेला झाला तरी स्ट्राइक. कॅचरने तो कुठे पकडला याला काही अर्थ नाही. लहान गटांत उंचीचा पट्टा साधारण काखेपासून गुडघ्याच्या वरच्या टोकापर्यंत असतो. तो मनात थोडा मोठाच धरा. नऊ वर्षांच्या मुलीच्या हातून प्लेटवरून बॉल जाणं हेच कौतुकाचं आहे; चिमूटभर पट्टा ठेवलात तर नुसते 'बॉल' मोजत सगळी मॅच चालतच बेसवर जाईल, आणि बॅट फिरवायला कुणी शिकणार नाही. मोजणीचं यंत्र डाव्या हातात, मास्कही डाव्याच हाताने काढायचा, उजवा हात इशाऱ्यांसाठी मोकळा. आणि प्लेट ब्रशने साफ करताना पाठ पिचरकडे करून वाका, प्रेक्षकांकडे नाही. यामागे खोल काही नाही, तुम्हाला समजलं असेलच.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत, नवऱ्याने विचारलं असेल. काही ठिकाणी मॅचमागे मानधन मिळतं, काही ठिकाणी मिळत नाही. लिटल लीग १९३९ साली सुरू झाली, आणि तिथल्या वर्ल्ड सिरीजमध्ये उभे राहणारे पंचही स्वयंसेवक असतात. तेव्हा "फुकटच्या" या शब्दापुरतं नवऱ्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

शिव्यांबद्दलही ते खोटं बोलत नाहीत. आपल्याकडे पाचामुखी परमेश्वर म्हणतात. बेसवर तुमचं एकच मुख असतं आणि परमेश्वर जाळीबाहेर खुर्च्या टाकून बसलेला असतो. पण शिव्या कुठून येतात त्यानुसार त्यांच्याशी वागायची रीत ठरलेली आहे, आणि ती शिकता येते. कोचला नियमाविषयी विचारायचा हक्क आहे: खेळ थांबवून, जवळ येऊन, शांतपणे. तिथे पुस्तक काढून दाखवलंत तरी तुमचा मान जात नाही. नजरेच्या निर्णयावर तो भांडायला लागला तर एक वाक्य पुरतं: "मी जसं पाहिलं तसं दिलं." दुसरं वाक्य बोलू नका, कारण दुसऱ्या वाक्यापासून भांडण सुरू होतं. मग सूचना, आणि मग बाहेर. बाहेर काढताना आवाज खालचा ठेवायचा आणि नंतर लेखी अहवाल द्यायचा. प्रेक्षकांशी तर बोलायचंच नाही, त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. फारच झालं तर खेळ थांबवून त्या संघाच्या कोचला किंवा आयोजकांना सांगायचं, ते बघतील. एकदा जाळीमागे एक बाबा माझी प्रत्येक स्ट्राइक मोठ्याने मोजत होते, म्हणजे त्यांच्या मते चुकलेली प्रत्येक स्ट्राइक. पाचव्या डावापर्यंत माझे कान लाल झाले होते. कोचला सांगितलं, तो गेला, बाबा गप्प. ते मला पहिल्या डावातच करता आलं असतं, पण सहन करणं म्हणजे कणखरपणा असं मला तेव्हा वाटायचं. तुम्ही इतका वेळ थांबू नका. आणि हो, तुमची जुनी खुर्चीही तिथेच आहे. तिथून तुम्ही काय काय ओरडला आहात ते पहिल्या मॅचमध्ये आठवेल.

बाईमाणूस म्हणून बिचकत असाल तर एवढंच सांगते. अमांडा क्लेमेंट १९०४ साली, सोळा वर्षांची असताना, पैसे घेऊन पुरुषांच्या मॅचला पंच म्हणून उभी राहिली होती. आणि जेन पावोल ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये नियमित हंगामाच्या सामन्यात पंच म्हणून उभी राहिली, ती तिथली पहिली स्त्री. ती मुळात सॉफ्टबॉलची कॅचर, आणि पंचगिरीही तिने आधी सॉफ्टबॉलमध्येच केली. या दोघींच्या मध्ये एकशे एकवीस वर्षं आहेत. तुम्हाला बारा वर्षांखालच्या गटापर्यंतच जायचंय.

आता मुलगी. तिचं ऐका. लाजते म्हणून ती नको म्हणते असं तुम्हाला वाटत असेल. थोडं तेही असेल. पण तुम्ही तिच्या मॅचला उभ्या राहिलात तर तिच्या बाजूने दिलेला प्रत्येक सेफ संशयाचा, आणि तिच्या विरुद्ध दिलेला प्रत्येक आउट तुम्ही निःपक्षपाती आहात हे दाखवण्यासाठी दिलेला. तुम्ही अगदी बरोबर दिलात तरी. दोन्हींचा भार तिने वाहायचा, खेळाडूंच्या बाकावर बसून, मैत्रिणींच्या शेजारी. त्या दिवशी बाद दिलेली मुलगी समोरच्या संघातली होती, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला तसंच वाटतंय. आणि हात खाली घ्यायला जड गेलं त्यात याचाही वाटा असेल. तो दिवस अडचणीचा होता, दोन्ही कोचनी विनंती केली होती, त्यात तुमचा दोष नाही. लायसन्स मिळाल्यावर मात्र ज्या मॅचेसमध्ये मुलगी किंवा मुलगा खेळतो त्या तुम्हाला नकोत, असं वाटपाचं काम बघणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून टाका. चांगले लोक ते स्वतःहूनच विचारतात.

आणि ज्या शनिवारी तिची मॅच असेल त्या शनिवारी खुर्ची तिथेच टाका. मात्र तोंड बंद ठेवून, पहिल्या बेसवरची प्रत्येक फेक पायाकडे बघत, ग्लव्हचा आवाज ऐकत मनातल्या मनात द्या. एक श्वास थांबून. पाहायचं एवढंच, की श्वास घेतल्यावर किती वेळा उत्तर बदलतं.

स्ट्राइकचा सराव मात्र मुलीशिवाय व्हायचा नाही. क्लिनिकमध्येही नवीन पंचांना सराव करणाऱ्या पिचरांमागे उभं करतात, बॅटरशिवाय, नुसते बॉल बघायला. मुलगी पिचिंग करत असेल तर तिला विचारा, आठवड्यातून एकदा पन्नास बॉल टाकशील का, मला बघायला शिकायचंय. सरावातला एखादा कॅचर बसवा, तुम्ही त्याच्या मागे फटीत उभ्या राहा, आणि प्रत्येक बॉलला स्ट्राइक की बॉल ते सांगा. ती भांडेल. भांडू द्या, "मी जसं पाहिलं तसं दिलं" हे वाक्य तिच्यावरच पहिल्यांदा म्हणून बघा. आणि मास्क घाला, घरचीच पिचर असली तरी.